जांभळा जोड

स्टार्चकाकूंच्या परसात तेल लागलं, ही बातमी गल्लीत पसरली ती त्यांच्या धाकट्या नणंदेच्या तोंडून, म्हणजे जवळजवळ छापूनच आल्यासारखी. दारात तीन सरकारी गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्यावर माणसानं दुसरं काय समजायचं? दुपारपर्यंत काकूंनी बंगल्यासाठी जागा पाहिली होती आणि दिवेलागणीपर्यंत काकांनी गाडीचा रंगसुद्धा ठरवला होता. त्या दोघांना मात्र यातलं काही कुणी कळवलं नव्हतं.

खरं एवढंच, की तेल लागलं होतं. पण परसात नव्हे, इस्पितळाच्या चादरींना.

काकूंची लाँड्री. त्यांच्या हातची कॉलर कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून स्टार्चकाकू. घरामागे आवार, आवारात कपडे वाळवायच्या दोऱ्या, आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडे कंपनीची तेलविहीर. विहिरीतून वर आलेला जाडजूड नळ भिंतीला खेटून पुढे जातो. या नळाच्या एका जोडातून गेले काही आठवडे बारीक तुषार उडत होते. वारा इकडचा असला की पांढऱ्याशुभ्र चादरींवर पिवळे ठिपके उमटत.

इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी शेवटचं सांगून ठेवलं होतं. "काकू, पेशंट विचारतात, माझ्या आधी या चादरीवर कोण होतं आणि त्याला झालं काय होतं? आता एक जरी ठिपका दिसला ना, तर गठ्ठा त्या मशीनवाल्याकडे."

इस्पितळाचं काम गेलं, की लाँड्रीत उरणार होत्या गल्लीतल्या चार पँटी, आणि त्यातल्या दोन काकांच्याच.

काकू पदर खोचून कंपनीच्या फिटरकडे गेल्या. फिटर माणूस गरीब. म्हणाला, "काकू, पान्हा माझ्या हातात आहे, पण कुठल्या खात्याच्या हुकमानं फिरवू? चुकीच्या खात्याचं ऐकलं तर बरोबरचं खातं माझा पान्हा काढून घेईल."

आता ही खात्यांची भानगड समजून घेतली पाहिजे. पूर्वी म्हणे एकच खातं होतं. तेच खोदायची परवानगी द्यायचं, तेच तपासायचं आणि तेच स्वतःची पाठ थोपटायचं. मग कुणा शहाण्याच्या लक्षात आलं, की स्वयंपाक करणारीच एकटी जेवायला बसली तर मीठ कमी आहे म्हणणार कोण? म्हणून वाटणी झाली. जमिनीखालचं सगळं, ते थेट जोडापर्यंत, विहीर खात्याचं. जोडापुढचं नळ खात्याचं. हवेत उडालं की हवा खात्याचं आणि जमिनीवर सांडलं की माती खात्याचं. वाटणी वाईट नव्हती. पण भावाभावांच्या वाटणीत भिंतीला दोन मालक आणि मधल्या बोळाला एकही नाही, तसं त्या जोडाचं झालं.

प्रत्येक खात्यानं आपापल्या हद्दीला रंगही दिला होता. विहीर खात्याचा हिरवा, नळ खात्याचा पिवळा. दुसऱ्याच्या हद्दीत ब्रश गेला तर खुलासा द्यावा लागेल, या भीतीनं हिरवावाला रंगारी जोडाच्या चार बोटं अलीकडे थांबला आणि पिवळावाला चार बोटं पलीकडे. मधला वीतभर पट्टा कोरडाच राहिला. तो गंजला, आणि नेमकं तिथूनच तेल फुसफुसायला लागलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हाच.

विहीर खात्याचे साहेब आले. ठेंगणे, गळ्यात शिट्टी. त्यांनी हिरव्या भागावर हात फिरवला. "आमचं ठणठणीत आहे."

नळ खात्याचे साहेब आले. उंच, सारखे घड्याळ बघणारे. त्यांनी पिवळ्या भागावर टकटक केलं. "आमचंही."

"आणि मधलं?" काकूंनी विचारलं.

"मधलं त्यांचं," असं दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, पण अगदी एका सुरात सांगितलं.

हवा खात्याच्या मॅडम आल्या, नाकाला रुमाल लावून. त्यांनी यंत्र वर धरलं आणि म्हणाल्या, "वास आहे." हे काकूंना यंत्राशिवाय माहीत होतं. मग त्यांनी चादर निरखली. "हे आता हवेत नाही हो. हे माती खात्याला दाखवा."

माती खात्यात काकू स्वतः चादर घेऊन गेल्या. तिथला कारकून म्हणाला, "बाई, चादर जमिनीवर होती का?"

"माझ्या चादरी जमिनीवर नसतात!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या, की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला.

"मग आमचा संबंध नाही. खाली पडली असती तर बघितलं असतं."

काकू घरी आल्या त्या तणतणत. काकांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, चादरी लोळवा, मग येतो."

त्या दुपारी काकूंची नजर मागच्या दारावर गेली. ते दार जांभळं होतं. काकांनी दुकानदाराचा न खपलेला रंग स्वस्तात आणून ते रंगवलं होतं आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक भांडण फिरून त्या दारापाशी यायचं. डब्यात अजून तळाशी रंग होता. गळकी बादली काकांनी याच रंगाचे चार हात देऊन बुजवली होती आणि ती अजून टिकली होती. मग नळ काय बादलीपेक्षा मोठा लागून गेला?

काकू पालथ्या बादलीवर चढल्या, फडक्यानं तो वीतभर पट्टा पुसला आणि त्यावर जांभळा रंग अस्सा थापला, की हिरवा आणि पिवळा दोघं पाहुण्यासारखे दिसायला लागले. भोक काही बुजलं नाही. रंगाला फुगा आला, फुटला, आणि दोरीवरच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळ्याबरोबर एक जांभळा ठिपकाही पडला.

"सुशोभित केलंस," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फिटरनं नेहमीची फेरी मारली आणि इमानेइतबारे दोन्ही खात्यांना कळवलं, की जोडाला जांभळा रंग लागलाय. त्यानंतर जे झालं त्याची काकूंना कल्पनाही नव्हती.

विहीरसाहेबांनी नळसाहेबांना फोन लावला. "जांभळा तुमचा?"

"छे! आम्हाला वाटलं तुमचा."

"मग कुणाचा?"

रंग म्हणजे खातं. नवा रंग म्हणजे नवं खातं. आणि आज वीतभर घेणारं खातं उद्या हातभर घेणार, परवा खोली, खुर्ची आणि गाडी. तासाभरात दोन्ही साहेब काकूंच्या दारात. आपल्याला वगळून काही चाललंय, या संशयानं मागोमाग हवामॅडम. याच त्या तीन गाड्या.

"हा जोड पहिल्यापासून आमचा!" विहीरसाहेबांनी जोडावर पंजा ठेवला. तेलामुळे रंग वाळलाच नव्हता; पंजा जांभळा झाला.

"तुमचा कसा? जोड नळाला असतो, विहिरीला नाही!"

"गळती आमची आहे, आमची!" हवामॅडम टाचा उंचावून म्हणाल्या.

वारा पलीकडे वाहत होता, म्हणून काकू तोंडात चिमटे धरून चादरी वाळत घालत होत्या. कालपर्यंत ज्या पोराला कुणी घरात घेत नव्हतं, त्याला आज तीन-तीन आया. काका कानाशी लागले, "अगं, सांगून टाकू का आपण?"

"तुम्ही चादरीचं टोक धरा," काकू चिमट्यांमधून म्हणाल्या.

फिटरनं पान्हा उचलला. "मग फिरवू का साहेब?"

"आमच्या हुकमानं फिरव!" दोघं एकदम ओरडले. फिटरला एवढे हुकूम जन्मात मिळाले नव्हते. त्यानं नवा वायसर बसवला, अर्धे बोल्ट हिरव्या साहेबांच्या नावानं आवळले, अर्धे पिवळ्यांच्या. फुसफुस थांबली. काकूंनी ओली चादर जोडाखाली धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. एक ठिपका नाही.

त्या दिवशीच्या चादरींचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी खिडकीशी नेऊन, एकेक चादर उजेडात धरून पाहिली आणि पुढचा गठ्ठा काकूंच्या पुढ्यात सरकवला. नणंद म्हणाली, "वहिनी, म्हणजे तेल नाहीच का?" तिला फार लागलं.

पण ते नंतर. त्या दिवशी आवारातून निघता निघता विहीरसाहेब आपला जांभळा पंजा पुसायला फडकं शोधत होते, आणि त्यांची नजर मागच्या दारावर पडली. त्यांनी दार पाहिलं, पंजा पाहिला, मग काकूंना पाहिलं. काका हळूच चादरीमागे गेले.

"बाई," साहेब म्हणाले, "सरकारी जोड रंगवायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

काकूंनी तोंडातले चिमटे काढले.

"त्याला गळायची परवानगी ज्या खात्यानं दिली होती ना साहेब, त्याच खात्यानं."