चेंबरच्या झाकणावर

संस्थेच्या चिटणीस नानांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या तळहातावर वरून सोडला. दिला नाही. सोडला. वीतभर उंचीवरून, बोटाला बोट लागू नये एवढी काळजी घेऊन. तो माझ्या बोटांवर आपटून खाली पडला. मी वाकलो. उद्घाटनाचे पाहुणे पाहत होते.

"बांधणं झालं. आता झाडू धर," नाना म्हणाले.

पाहुणे हसले. मीही हसलो. ते हसणे मी स्वतःला आजवर माफ केलेले नाही.

धुळ्यात, देवपुरात एका शिक्षणसंस्थेचे ते वसतिगृह. पायापासून गच्चीपर्यंत तीन वर्षे मी त्याचा मुकादम होतो. मी यावलचा, नववी नापास, हे मान्य. परंतु स्लॅब कोणत्या दिवशी पडणार, सेंट्रिंग केव्हा सुटणार, पांझरा नदी आटली की टँकर कोठून आणायचा, ही सर्व जुळणी माझ्या वहीत होती. इंजिनिअर साहेब शनिवारी येत. सावलीतून पाहत. जात.

बांधणारा वेगळा आणि राखणारा वेगळा, हा शिकलेल्या लोकांचा समज आहे. मी वीट रचतानाच तिची निगा राखणाऱ्याचा विचार केला. व्हॉल्व्ह हात पोहोचेल तेथे बसवला. गच्चीला उतार दिला. मैल्याचे चेंबर नकाशात जेवणखोलीच्या आत दाखवले होते. मी मागच्या भिंतीबाहेर गेरूने चौकोन आखला व म्हणालो, "साहेब, चेंबर इथं घ्या. आत तुंबलं तर पोरं जेवतील कुठं?"

"नकाशा वाचता येतो का तुला?"

"येतो."

"मग वाच. शिकवू नकोस."

चेंबर आत झाले. त्याचे झाकण जेवणखोलीच्या फरशीत आले.

पुढे सहा वर्षे मी तीच इमारत राखली. पंप, टाक्या, फ्यूज, गळती, कुलपे. कोणता पाइप कोठे वळतो, हे पाहण्यासाठी मला भिंत फोडावी लागत नसे. तो मीच पुरलेला होता. संस्थेने दुसरी इमारत काढली तेव्हा तिचे बांधकामही माझ्याकडून करून घेतले. सकाळी तिकडे, दुपारी इकडे. हजेरीपत्रकावर मात्र मी 'पहारेकरी'.

म्हणून मी अर्ज केला. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. 'बांधकाम व देखभाल पर्यवेक्षक' असे पद निर्माण करून त्यावर माझी नेमणूक व्हावी. दोन्ही कामे मी करतो, तेव्हा दोन्हींचे नाव मला मिळावे. एवढेच मागणे.

नानांनी तो अर्ज इंजिनिअर साहेबांना मोठ्याने वाचून दाखवला. मी दारात उभा होतो.

"एका म्यानात दोन तलवारी!" नाना म्हणाले.

"तलवारी कसल्या नाना, एक थापी आणि एक खराटा," साहेब म्हणाले.

अर्जाची घडी झाली. डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली.

त्याच महिन्यात चेंबर तुंबले. भर सकाळी. जेवणखोलीत काळे पाणी घोट्यापर्यंत चढले. स्वयंपाकीण अक्का पिठाची परात डोक्यावर घेऊन ओट्यावर उभी. दुपारी संस्थेचे पाहुणे जेवायला येणार होते. नाना नाकाला उपरणे लावून दारात आले.

"उतर आत."

मी म्हणालो, "आत माणूस उतरवायचा नसतो. पाहणी करू, फरशी फोडू, लाइन बाहेर काढू."

"फरशी यंदाच नवी घातली आहे. उतर. तुमच्या लोकांना सवय असते."

अक्का ओट्यावरून ओरडली, "भाऊ, उतरू नको! आत गॅस शे, मरी जाशी!"

अर्ज लिहिताना यांच्या लेखी मी बांधणारा नव्हतो. नेमणूक मागताना राखणारा नव्हतो. आता माझी जात तेवढी यांच्या लक्षात होती. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी सरळ उभे राहिले.

"उतरणार नाही," मी म्हणालो.

"मग दुसरा आणतो."

दुसरा. तो कोण असणार, कोणत्या वस्तीतून येणार, हे मला ठाऊक होते. माझ्या नकाराने केवळ माझे अंग कोरडे राहणार होते. मी पाण्यातून चालत गेलो आणि झाकणावर उभा राहिलो.

"दुसराही उतरणार नाही. कुदळ आणा. नाहीतर पाहुण्यांना इथंच बसवा. मी हलत नाही."

कुदळ आली. परंतु नानांनी आधी माझ्याकडे किल्ल्या मागितल्या. मी त्या टेबलावर ठेवल्या, एकेक मोजून, आणि म्हणालो, "पोच लिहून द्या." पोच मिळाली नाही. नोकरी गेली. चेंबर मागच्या भिंतीबाहेर नेले, मी गेरूने आखले होते तेथेच. जागा इंजिनिअर साहेबांनी सुचवली, असे इतिवृत्तात नोंदले गेले.

आज जळगावच्या कचेरीबाहेर माझे टेबल आहे. मी अर्ज लिहितो. सावद्याचा एक जण परवा म्हणाला, "भाऊ, पाया पडून इनंती लिहा, साहेब नरम पडतीन." मी लेखणी खाली ठेवली. माझ्या टेबलावर ते शब्द लिहिले जात नाहीत. जो जे काम करतो, ते सर्वच्या सर्व लिहिले जाते; दोन करीत असेल तर दोन, दहा असतील तर दहा.

माझा स्वतःचा अर्जही मी पुन्हा लिहिला आहे, त्याच पदासाठी. नव्या संस्थेकडे जाईल, नाकारला तर तिसरीकडे जाईल. नेमणूक झालीच तर किल्ल्या हातात द्याव्या लागतील. वरून सोडल्या तर खाली पडतील.

मी वाकणार नाही.