हरभऱ्याच्या खुणा

मुलांनो, दिवाळीला येताना माझ्यासाठी पुस्तकं आणणार म्हणालात, म्हणून आत्ताच सांगते: आणू नका. छापील ओळीच्या मधोमध मला आता धुरकट डाग दिसतो आणि तो जायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. हेसुद्धा जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत लिहिते आहे.

तुमच्या बाबाने फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. इंग्रजीच, मला आवडतात तशी माहितीची. पण मी जन्मभर हातात पेन्सिल घेऊन वाचलं. ओळीखाली रेघ मारली की ती माझी व्हायची. इथे आवाज पुढे पळायचा आणि संध्याकाळी आठवू गेलं तर काही हाती लागायचं नाही. वाचन सुटलं की काय, या विचाराने मी घाबरले.

माझी धाकटी जाऊ झरी गावची. शेजारी बसून ती ज्वारी निवडायची. एकदा म्हणाली, "अक्का, आमची आई जपाला माळ नसली की हरभरे घ्यायची. एक जप झाला की एक दाणा वाटीत. तुमी बी टाका की."

तेव्हापासून लक्षात ठेवावंसं काही आलं की मी फोन थांबवते, तिला ते मराठीत सांगते आणि वाटीत हरभरा टाकते. चहाच्या वेळी ती एकेक दाणा उचलते. "ह्यो कशाचा?" सांगता आलं तर दाणा डब्यात, नाही आलं तर तो भाग पुन्हा ऐकायचा.

परवा पक्ष्यांचं पुस्तक चालू होतं. काही पक्षी समुद्रावरून उडता उडताच झोप घेतात, असं मी सांगितलं.

"त्यात काय नवल? तुमचे दीर ट्रॅक्टरवर झोपतात की!"

त्या दिवशी पाहुणे आले आणि उजळणी राहून गेली. दुसऱ्या दिवशी जेवण उरकून बसलो, तर वाटी रिकामी.

"अगं, हरभरे कुठं गेले?"

"बाकीच्यांसंगं भिजू घातले. आत्ता उसळ लय चांगली झाली म्हणालात न्हाई का?"

दोघी पोट धरून हसलो. मग तिचा चेहरा उतरला. "पुस्तक गेलं का वो सगळं?"

मी डोळे मिटले आणि पक्ष्यांपासून सुरुवात केली. एकही दाणा समोर नव्हता, तरी एकामागून एक सगळं आठवत गेलं. ती ज्वारी निवडायची थांबून ऐकत राहिली.

पेन्सिल सुटली. वाचन आहे.