पातं थांबल्यावर राम राम

आमच्या वर्कशॉपमध्ये मायटर सॉ आला तो माझ्या हट्टाने, आणि तो आल्यावर भडगावात माझी ओळख ‘राम राम बंद करणारी सून’ अशी झाली. दोन्हींचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या मशीनपायी दोन सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं, आणि ते पुन्हा जुळतं की नाही या काळजीने माझं वजन उतरलं, हेही खरं. नंतर ते सव्याज परत आलं.

माझं माहेर धुळ्याचं. वडिलांची आणि काकांची लाकडाची वखार होती. काकांच्या हाताची दोन बोटं करवतीने नेलेली. मी आकडे शिकले ते काकांच्या मांडीवर बसून, त्यांच्याच बोटांवर, त्यामुळे पहिलीत गेले तेव्हा मी आठावर थांबायचे आणि बाईंशी वाद घालायचे. घरात सगळे हसायचे, काकाही हसायचे. पण जेवताना भाताचा घास त्यांच्या हातातून निसटायचा तेव्हा कुणी हसत नसे. फिरतं पातं दिसलं की माझा स्वभाव बिघडतो तो तिथपासून.

सासरी सुतारकाम. म्हणजे सासऱ्यांनी, नानांनी सुरू केलेलं. आमच्या नवऱ्याची नोकरी वरणगावला, तो रविवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो, म्हणून वर्कशॉपचा कारभार माझ्याकडे आणि हात नानांचे. नानांचं वय झालं तसे त्यांचे खांदे हातकरवतीला कुरकुरायला लागले. खिडकीच्या पट्ट्या कापून संध्याकाळी ते घरी आले की पाठीला बाम चोळायचा कार्यक्रम. मी म्हटलं, मशीन घेऊ. नाना म्हणाले, नको. मी घेतलं.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलावर एक गोल पातं, वर दांडा. लाकूड मागच्या आडव्या पट्टीला टेकवायचं, डाव्या हाताने घट्ट धरायचं, उजव्या हाताने दांड्याचं बटण दाबून पातं खाली आणायचं. सरळ काप म्हणा, तिरपा म्हणा, फ्रेमच्या कोपऱ्याला लागतो तो पंचेचाळीसचा म्हणा, लोण्यासारखा पडतो. नानांनी पहिला काप मारला, त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हं.’ आयुष्यभर त्यांनी कुणाच्याच कामाला ‘हं’च्या वर दाद दिलेली नाही, म्हणून मी पेढे वाटले.

मग मी नियम सांगितले. गळ्यातला पंचा काढून ठेवायचा. डोळ्यांवर चष्मा. डावा हात पात्यापासून वीतभर लांब. पातं बदलायचं तर आधी प्लग काढायचा. नवीन माणसाने आधी प्लग काढून नुसती तालीम करायची, मग खरा काप. आणि सगळ्यांत मोठा नियम: बटण सोडलं तरी पातं काही वेळ फिरत असतं, ते पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही हात जागेवर. नानांनी सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं. चष्मा तर त्यांना इतका आवडला की तो लावून ते एकदा किराणा आणायला गेले.

अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. आमचं वर्कशॉप रस्त्याला लागून, पुढून शटर सताड उघडं. नाना गावात सगळ्यांचे नाना. जाणारा प्रत्येक माणूस म्हणणार, ‘राम राम नाना.’ आणि आमच्याकडे राम राम नुसता तोंडाने घेत नाहीत. हात वर करावा लागतो. नानांचा उजवा हात दांड्यावर अडकलेला, म्हणून वर जायचा तो डावा. म्हणजे लाकूड धरलेला. पातं गरगर फिरतंय, लाकूड मोकळं, आणि आमचे नाना हसऱ्या चेहऱ्याने रस्त्याकडे बघून राम राम घेतायत.

एकदा तर सुटलेला सागवानी तुकडा पात्याने असा भिरकावला की मागचा पाण्याचा माठ फुटला. रस्त्यावरचा माणूस म्हणाला, ‘चला, इडा पिडा गई.’ मी मात्र नानांचा डावा हात माझ्या हातात घेऊन बोटं तपासली, सगळी. मग मला इतका राग आला की सासरे आहेत हे विसरून मी बोलले. नाना शांतपणे म्हणाले, ‘बठ्ठा गाव राम राम करस. मी काय तोंड फिरावू का?’

सगळं गाव राम राम करतं हे त्यांचं बरोबर होतं, हीच पंचाईत. आमच्या भागात माणसाने एक वेळ जेवायला बोलावलं नाही तरी चालतं, पण राम राम घेतला नाही तर ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगून ठेवतात.

मी आधी पाटी लावली: ‘मशीन चालू असताना बोलू नये.’ लोक थांबून मोठ्याने विचारायला लागले, ‘नाना, हाई काय लिखेल शे?’ नाना मशीन चालू ठेवून त्यांना वाचून दाखवायचे. मग मी दारावर लाल दिवा लावला, मशीन सुरू झालं की तोही लागेल असा. तर आयाबाया डोकावून चौकशी करायला लागल्या की घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय का. शेवटी मी दोन माणसं लावून मशीनचं टेबलच उलटं फिरवलं. आता नानांचं तोंड भिंतीकडे आणि पाठ रस्त्याकडे. आणि त्यांच्याकडून मी शब्द घेतला: पातं थांबल्याशिवाय वळायचं नाही, हात उचलायचा नाही, हाक मारणारा कुणी का असेना. नाना म्हणाले, ‘कोनी बी?’ मी म्हटलं, ‘कुणीही.’

आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी आबा आले.

आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. गिरणेकाठच्या गावात राहतात, शेती करतात. वडील लवकर गेले तेव्हा नाना लहान होते. जमीन दोघांना पुरेल एवढी नव्हती. आबांनी स्वतः नांगर धरला आणि धाकट्याला चाळीसगावला एका मुसलमान मिस्तरींच्या हाताखाली ठेवला, जाऊन-येऊन त्याचा डबा पोचवला. नानांच्या हातात जो काही हुन्नर आहे तो आबांच्या पायपिटीवर उभा आहे, हे नाना स्वतः कुणालाही सांगतात. दर बाजाराला आबा यायचे, स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे, प्रत्येक कामात खोड काढायचे आणि जायचे. नाना त्या दिवशी सकाळपासून खुशीत असायचे.

त्या दिवशी मी मागच्या बाजूला भुशाची पोती बांधत होते. पातं फिरत होतं. आबा शटरपाशी आले आणि म्हणाले, ‘राम राम.’ नानांची पाठ हलली नाही. आबा पुन्हा म्हणाले. तेव्हा मी मान वर केली, पण माझ्या हातात पोत्याचं तोंड होतं, आणि मी उठेपर्यंत पातं थांबलं, नाना वळले, आणि शटरपाशी कुणी नव्हतं. आबांची टोपी तेवढी बाजाराच्या गर्दीत लांब जाताना दिसली.

‘तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?’ मी विचारलं.

‘आवाज वयखा व्हता,’ नाना म्हणाले. आवाज ओळखला होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची पट्टी घेतली. मला दोष दिला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

पुढच्या बाजाराला आबा आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. नाना चहा दोन कप मागवायचे आणि एक गार व्हायचा. त्यातून वाईट म्हणजे त्या वर्षी आबांचं नवीन घर उभं राहत होतं. घराची मुख्य चौकट आमच्याकडे पुजून बसवतात, आणि ती नानाच करणार हे दोघा भावांत कधी बोलावंही लागलं नव्हतं. त्यासाठी आबांनी बांधावरचं सागाचं झाड कधीपासून राखलं होतं. आता निरोप आला की चौकट चाळीसगावच्या दुसऱ्या मिस्तरीला देणार. निरोप आणणाऱ्याला नाना म्हणाले, ‘बरं शे. तो बी चांगला कारागीर शे.’ आणि दुपारी जेवले नाहीत.

मला ते बघवेना. मी स्कूटी काढली आणि आबांच्या गावी गेले.

आबा ओट्यावर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला, माझ्या माहेरची खुशाली विचारली, आणि मुद्द्याला हात लागू देईनात. शेवटी मीच बोलले. नानांनी अपमान केला नाही, माझा नियम पाळला, दोष द्यायचा तर मला द्या. पातं फिरत असताना हात उचलला तर हात जातो, मी माझ्या घरी पाहिलंय. आबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘मशीन मोठं का भाऊ मोठा?’

असं कोड्यात पकडलं की मी पैज लावते. मी म्हटलं, ‘आबा, घरधन्याने चौकटीच्या लाकडाला पहिला काप द्यायचा असतो ना? तो आमच्या मशीनवर येऊन द्या. देऊन झाल्यावरही माझा नियम चुकीचा वाटला, तर मशीन मी भंगारात घालते.’

आबांनी मिशीत बोट फिरवलं. सुनेचं मशीन भंगारात जाताना बघायला मिळणार, हे त्यांना मोहात पाडत असावं.

बाजाराच्याच दिवशी ते आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साग घालून. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. जे बोलायचं ते माझ्यामार्फत: त्याला सांग लाकूड उतरव, त्यांना सांगा जपून. ट्रॉलीतला लांबलचक साग आत घ्यायचा म्हणून मशीनचं टेबल पुन्हा रस्त्याकडे तोंड करून सरकवावं लागलं होतं. मी लाकडाला हळदकुंकू लावलं. आबांचं उपरणं काढून घेतलं, चष्मा चढवला, डावा हात कुठे, उजवा कुठे ते दाखवलं. आणि सगळ्या नवीन माणसांना करायला लावते तशी तालीम आधी, प्लग काढून. आबा कुरकुरले की नुसतंच काय, पोरखेळ शे का. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

आबांनी डाव्या हाताने साग दाबून धरला. उजव्याने दांडा खाली आणला. न फिरणारं पातं लाकडाला टेकलं, आणि नेमकं तेव्हा रस्त्यावरून त्यांच्याच गावचा एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन चालला होता. तो म्हणाला, ‘राम राम आबा.’

आबांचा डावा हात उठला. उठताना पात्याच्या दातांना घासून गेला आणि कपाळापर्यंत पोचला. ‘राम राम,’ आबा म्हणाले, आणि मग स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले. करंगळीच्या कडेला बारीक ओरखडा होता, रक्तसुद्धा नव्हतं. तो माणूस मी पेरला होता असं भडगावात अजून बोललं जातं. बाजाराच्या दिवशी आमच्या रस्त्यावर राम रामासाठी माणूस पेरावा लागतो, असं म्हणणाऱ्याने एकदा येऊन उभं राहून बघावं.

मी जिंकले होते, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही, कारण मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पुढे आले, भावाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले.

‘आबा, तुमना हात गया व्हता.’

आबांनी हात तसाच राहू दिला. ज्या हाताने डबा पोचवला तोच तो हात, आणि नाना त्याची बोटं एकेक करून चाचपत होते. मला काका आठवले आणि मी भुशाच्या पोत्यांशी उगाच काहीतरी करायला गेले.

मग प्लग लागला. या वेळी आबांचा हात दांड्यावर, नानांचा त्यावर, आणि साग धरला नानांनी. पहिला काप झाला. पुढचे नानांचे. आबा उठले, स्टूल उचललं आणि शटरच्या मधोमध, रस्त्याकडे तोंड करून बसले. पातं फिरायला लागलं. कुणीतरी जाता जाता म्हणालं, ‘राम राम नाना.’

आबांनी आपला हात वर केला. ‘तो काममा शे. त्याना राम राम मनाकडे द्या.’

तासभर हेच चाललं. गावभराचे राम राम आबांनी भावाच्या वतीने घेतले, मागे लाकूड चिरत राहिलं, आणि नानांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटची पट्टी कापून झाली, त्यांनी बटण सोडलं, हात जागेवर ठेवले. पातं मंदावत मंदावत थांबलं. नानांनी दांडा वर केला, चष्मा काढला, पुढे येऊन आबांसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले.

‘राम राम आबा.’

आबांनी वर पाहिलं. ‘त्या दिवसना का आजना?’

‘त्या दिवसना,’ नाना म्हणाले. ‘आजना बाकी शे.’