जुवाखालची दोन बोटं

घरात चार पाहुणे जमले की मला गोष्ट सांगायला बसवतात, आणि मीही फार आढेवेढे घेत नाही. आमच्या वखारीत पहिली मालमोटार आली त्या दिवसाची गोष्ट तर पोरासोरांना पाठ आहे. हसून लोळतात. मी ती जिथं थांबवतो तिथं ती संपत नाही, एवढंच.

माझा थोरला भाऊ, अण्णा, निपाणीच्या त्या वखारीत बैलगाड्या भरायचा. तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठाले गठ्ठे, शिवाय पेट्या आणि पार्सलं. सगळं बेळगावला जायचं. मीही तिथंच हमाल होतो. पण माझी पाठ नाजूक आणि जीभ दणकट, त्यामुळं ओझ्यापेक्षा गप्पाच जास्त वाहिल्या.

गाडी भरणं म्हणजे नुसतं रचणं नव्हे. भार मागं गेला तर जू वर उठून बैलाचा गळा आवळतं. पुढं आला तर मान सोलवटते. म्हणून शेवटचं पार्सल चढलं की, बैल जुंपायच्या आधी, अण्णा पुढं येऊन जुवाखाली दोन बोटं घालायचा. बोटांवर जू उठलं तर गाडी निघायची. नाहीतर उतरवा सगळं. गाडीवान करवादायचे, पण त्यानं भरलेल्या गाडीच्या बैलाला बेळगावपर्यंत फोड येत नसे.

मग मोटार आली. शेठजींनी मला मुकादम केलं, कारण पार्सलांवरचे पत्ते मला अडखळत का होईना वाचता यायचे. अण्णानं मोटार भरली ती सावकाश, एकेक बोद चार-चार वेळा सरकवत. उतरला, आणि सवयीनं पुढं जाऊन मोटारीच्या लोखंडी पट्टीखाली दोन बोटं घातली.

ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, हिला मान न्हाय. फोड आलाच तर माझ्या बुडाला येईल."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

इथं मी पाहुण्यांसाठी चहा सांगतो.

पुढं झालं ते असं. शेठजी म्हणाले, ड्रायव्हरचा चहा संपेस्तोवर मोटार भरली पाहिजे, हा माणूस नको. ते सांगायचं काम मुकादमाचं. मी चारचौघांत म्हणालो, "अण्णा, लई केलंस. आता बस की जरा."

"कुठं बसू?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, गंमत करतोय. मी पुन्हा हसलो.

काही वर्षं तो घरीच होता. मग लढाई लागली, पेट्रोल मिळेना, मोटार वखारीच्या दारात उभी राहिली आणि गाड्या परत आल्या. शेठजींनी अण्णाला बोलवायला मलाच धाडलं. त्यानं मला काही विचारलं नाही. धुतलेला पटका बांधला आणि वहिनीला म्हणाला, "बोलावणं आलंय."

त्यानं गाडी भरली. जुवाखाली बोटं घातली. जू हललं नाही.

"पुढं जड झालीया," तो म्हणाला. उतरवून पुन्हा भरली. तिसऱ्यांदाही तेच. गाडीवान माझ्याकडं बघायला लागला. अण्णा पाणी प्यायला गेला तेवढ्यात मी दोन बोटांवर जू उचलून पाहिलं. सहज उठलं. गाडी बरोबर होती. बहुतेक पहिल्यापासूनच बरोबर होती.

चौथ्या खेपेला मी दुसऱ्या टोकाला उभा राहून जुवाला हात लावला. जू उठलं. अण्णाचा चेहरा उजळला, मग त्यानं माझ्याकडं न बघताच म्हटलं, "हात काढ रं."

मी काढला. जू खाली बसलं. तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग धोतराला बोटं पुसून गाडीवानाला म्हणाला, "जुंप. बरोबर हाय."

घरी वहिनीनं विचारलं, "कसं झालं?"

"झालं की. गेली गाडी बेळगावला."

वहिनी खूश झाली. मलाही जेवायला बसवलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मी खाल्लासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. जागा होता.

"उठवू का?" वहिनीनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "आज गाड्या न्हाईत."

वखारीकडं निघालेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज तेव्हा घरात स्पष्ट येत होता.