फोटोतली बाई निरक्षर न्हाय

चर्चासत्रात सरांनी माझ्या हातात माईक दिला. बोलायला न्हाय. प्रश्न विचारणाऱ्यांच्या तोंडापुढं धरायला.

बेळगावच्या कॉलेजात मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्यासारख्या घरातल्या पोरापोरींना पुढं पीएच.डी. करता यावी म्हणून एक खास वर्ग चालायचा. तो सर घ्यायचे. निबंधासाठी मी निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायांचा विषय घेतला. त्यातली एक माझी आई. दर रविवारी गावी जाऊन मुलाखती घेतल्या. निबंधही मीच लिहिला.

तो निबंध आता स्टेजवर सरांच्या मित्राची मुलगी वाचत होती.

सकाळी मी विचारलं होतं, "सर, माझं नाव?"

"आभारात आहे की. तुम्हा लोकांना माहिती गोळा करायला चांगलं जमतं. मांडणी घरातून यावी लागते."

घरातून. पीएच.डी.साठीचं शिफारसपत्र त्यांच्या हातात होतं. मी सभागृहात खुर्च्या लावायला गेले.

मग पडद्यावर आईचा फोटो आला. मीच काढलेला. खाली ओळ: 'एक निरक्षर कामगार'. आई मराठी वाचते. कन्नडही वाचते.

एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "तंबाखूच्या एवढ्या धुळीत या बाया तोंडाला फडकं का बांधत नाहीत?"

मुलगी कागद चाळायला लागली. सर छताकडं बघत होते. मी माईक माझ्याकडं वळवला.

"वखारीच्या तापलेल्या पत्र्याखाली फडकं बांधलं की दम कोंडतो. काम मागं पडलं की मुकादम उद्या येऊ नको म्हणतो. आणि फोटोतली बाई निरक्षर न्हाय. ती माझी आई हाय. हा निबंध मी लिहिलाय."

"माईक बंद करा," सर म्हणाले.

मागून कुणीतरी तो बंद केला. उरलेलं मी तसंच बोलले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिही. मग पत्राचं बघू."

मी लिहिली न्हाय. पत्रही मिळालं न्हाय.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं माझी वही काढून पुढं ठेवली. मग म्हणाली, "मला अडाणी लिवलं व्हय गं? बस इथं. परत लिही. मी सांगते. आणि ह्या बारीला माझं नाव घाल."

पहिल्या पानावर मी तिचं पूर्ण नाव लिहिलंय. त्याखाली माझं. पीएच.डी.ला अर्ज करणार, शिफारसपत्राशिवाय. नाकारला तर पुन्हा करणार. आणि त्या वर्गात नव्या येणाऱ्या प्रत्येक पोरीला दारातच सांगणार: तुझी टिपणं कुणाच्या हातात देऊ नको. स्टेजवर जा आणि तूच वाच.