घोडेस्वाराची बैठक
लिंबाचं लाकूड कापलं की जो कडवट वास सुटतो, तो आला की मला उदगीरचं ते सुताराचं दुकान आठवतं. सुताराचा मुलगा माझा मित्र. आम्ही दोघं बोटाएवढे सैनिक रंगवायचो, आणि त्यांना उभं करायच्या लाकडी बैठका तो बापाच्या दुकानातल्या तुकड्यांतून करायचा. तिथं फळीला सगळे तख्ताच म्हणत. तो तापानं गेला तेव्हा एक घोडेस्वार अर्धा रंगवायचा राहिला होता. मी तो पुरा केला आणि दुकानात नेला. चाचा, म्हणजे त्याचे वडील, करवत चालवत होते, दाढीत भुसा अडकला होता. मी घोडेस्वार पुढं केला. "चाचा, ह्याच्याखाली एक लहानसा तख्ता पाहिजे होता." करवत थांबली. त्यांनी घोडेस्वार हातात घेतला, मुलानं रंगवलेल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "तख्ता खाली नसतो, बेटा," ते म्हणाले. "कबरीत खाली माती असती. अंगावर माती पडू नये म्हणून तख्ते वरून लावतेत. त्याचे मीच कापले, ह्याच करवतीनं." मग कोपऱ्यातून त्यांनी लिंबाच्या फळीचा एक तुकडा ओढला. "त्यातलाच उरलेला हाय. दुसऱ्या कुणाच्या कामाला लावू वाटंना." आणि मान खाली घालून ते त्याच्या कडा घासत बसले. आता तो घोडेस्वार माझ्या टेबलावर आहे. येणारे जाणारे रंगाचं कौतुक करतात. खालच्या लाकडाचं कुणी विचारलंच, तर मी बैठक म्हणतो, तख्ता म्हणत नाही.