हातभर वारा

मास्तरांनी गॅलरीतून मोजा टाकला आणि खाली इस्त्रीवाल्या भाऊंचा चष्मा फुटला.

मोज्यात स्कूटरच्या, टपालपेटीच्या अशा खाली लागणाऱ्या किल्ल्या होत्या. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नावालाच. त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा जुन्या मोज्यात बांधून गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि खालच्याने हाक मारली की वरच्याने तो सोडायचा, ही त्या घरची सोय. गाठ मारायचं काम बायकोचं.

त्या सकाळी ती खाली उभी होती आणि मास्तर फोनवर एका पालकाला पटवत होते की मुलगी हुशारच आहे, फक्त अभ्यासाशी तिचं जमत नाही. खालून दुसरी हाक आली तशी त्यांनी न बघताच मोजा भिरकावला. तो बायकोच्या डोक्यावरून जाऊन थेट भाऊंच्या टेबलावर आदळला. घाम पुसायला भाऊंनी नेमका तेव्हाच चष्मा काढून ठेवला होता.

"वारा," मास्तर वरूनच म्हणाले. "मोजा फुगला वाऱ्याने. कितीदा सांगितलं हिला, पिशवीत बांध म्हणून."

असं त्यांनी कधीच सांगितलेलं नव्हतं.

चार माणसं जमली होती. "वहिनी, बघून बांधायचं ना," भाऊ म्हणाले. "डोळाच गेला असता की माझा."

बायकोने काचा वेचल्या, चष्मा दुरुस्तीला दिला आणि मान खाली घालून वर आली. नवी काच येईपर्यंत भाऊ कापडाला नाक लागेल इतके वाकून इस्त्री करू लागले. मास्तरांच्या पँटला एका पायावर दोन-दोन घड्या पडल्या. शिकवणीतल्या पोरांना समांतर रेषा फळ्यावर काढून दाखवायची गरज उरली नाही. मास्तर पोरांबरोबर हसले, पण घड्या दिवसभर बोचत राहिल्या.

बायकोच्या मनातून मात्र ते जाईना. संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, तुम्ही ते वस्तू पडण्याचं गणित शिकवता ना? वारा मोज्याला किती लांब नेतो, तेवढं काढून द्या. त्या बेताने बांधीन."

"आता कशाला?"

"परत कुणाला लागलं म्हणजे?"

मास्तर बसले. गणित पोरांना घरी सोडवायला देण्याइतकं सोपं. उंची नऊ मीटर. खाली पोचायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. आडवा वारा असला म्हणून पडायला जास्त वेळ लागतो असं नाही, तो नुसता बाजूला ढकलतो. तेवढ्या वेळात वजनदार जुडग्याला ढकलणार किती? उत्तर आलं, फार तर हातभर. टेबल चार पावलांवर.

मास्तरांनी वारा वाढवला. दुप्पट करून पाहिला, तरी मोजा अलीकडेच पडला. जवळजवळ तिप्पट केला तेव्हा कुठे तो चष्म्यापर्यंत पोचला. पण एवढा वारा असता तर टेबलावरच्या रुमालांची चळत रस्ताभर उडाली असती. मोजा आदळल्यावर ती चळत त्यांनी वरून स्वतः पाहिली होती. वरचा रुमालसुद्धा हलला नव्हता.

"किती आलं?" बायकोने विचारलं.

"हातभर."

"आणि बाकीचं?"

मास्तर कागदाकडे बघत राहिले. "मी भिरकावला. खाली बघितलंच नाही."

ती म्हणाली, "म्हणजे गाठ बरोबर होती."

"गाठ बरोबर होती."

"मग ते खाली जाऊन सांगा. मी काय चारचौघांत सांगत फिरू?"

सकाळी मास्तर भाऊंच्या टेबलापाशी उभे राहिले. "भाऊ, दोष वाऱ्याचा नव्हता, हिचाही नव्हता. हे बघा, उंची धरा नऊ मीटर..."

भाऊंनी इस्त्री उभी केली. "गणित राहू द्या, मास्तर. तुम्ही फेकलात, एवढंच ना? पण मी वहिनींना सगळ्यांदेखत बोललो, त्याचं काय?"

"तिला सांगितलंय मी. काल सगळं काढून दाखवलं."

"दाखवलंत. चुकलो म्हणालात का?"

मास्तर टेबलावरच्या रुमालांची चळत सारखी करू लागले.

"माझं मी म्हणेन, त्या खाली आल्या की," भाऊ परत कापडावर वाकले. "तुमचं तुम्ही बघा."

तीन मजले मास्तर दोन शब्द घोळवत चढले. चुकलं माझं. चुकलं माझं. दार उघडंच होतं. बायको मोज्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"बरं."

तिने गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. मास्तरांचे दोन शब्द दातांपर्यंत आले, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"घट्ट आहे ती."

"माहितीये मला," ती म्हणाली आणि तिने मोजा खिळ्याला टांगला.